रॅम निम्म्याहून जास्त रिकामी, तरी ‘रूट कॅश इज फुल’ आणि आयपीव्ही६ बंद. नक्की काय भरतंय?

रात्रपाळी_राउटर:

नमस्कार मंडळी, चार दिवस झाले डोकं लावतोय पण सुटत नाहीये म्हणून इथं टाकतोय, जरा लांबलचक होईल पण सगळं सांगतो म्हणजे परत परत विचारावं लागणार नाही.

एक लिनक्स सर्व्हर आहे जो राउटर म्हणून चालतो, ३२ कोअर, कर्नल ५.४, त्यावर एफआरआर (राउटिंगचं सॉफ्टवेअर). दोन अपस्ट्रीम (आम्हाला इंटरनेट पुरवणारे) आहेत आणि दोघांकडून आयपीव्ही४ चा फुल टेबल, म्हणजे सगळ्या इंटरनेटच्या रूटची यादी, गेली काही वर्षं घेतोय, काहीच त्रास नव्हता. आयपीव्ही६ ला मात्र आत्तापर्यंत फक्त डिफॉल्ट रूट (सगळं एकाच वाटेने पाठवणारा) होता. मागच्या आठवड्यात वाटलं की आता आयपीव्ही६ चाही फुल टेबल घेऊ या, म्हणजे दोन लाखांच्या वर रूट, आणि तिथून सगळं सुरू झालं.

सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं एकदम मस्त चालतं. मग हळूहळू काही आयपीव्ही६ पत्ते लागत नाहीत, ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ येतं, पण गंमत म्हणजे रूट बघायला गेलं तर टेबलमध्ये रूट व्यवस्थित बसलेला असतो. त्याच वेळी केसॉफ्टआयआरक्यूडी (पॅकेटचं काम उरकणारा कर्नलचा थ्रेड) दोन-चार कोअरवर १०० टक्के जातो आणि कर्नल लॉगमध्ये ओळींमागून ओळी, ‘रूट कॅश इज फुल, कन्सिडर इन्क्रीजिंग सिसकंट्रोल’ आणि पुढे आयपीव्ही, मग चौकटी कंसात ४ आणि ६ दोन्ही, मधे उभी रेघ, रूट मॅक्स साइझ, म्हणजे या नावाची कर्नलची सेटिंग वाढवा. आयपीव्ही४ ला या सगळ्यात धक्काही लागत नाही.

आत्तापर्यंत काय काय केलं ते सांगतो. आधी वाटलं मेमरी कमी पडतेय म्हणून ३२ जीबीची ६४ जीबी केली, फरक शून्य, फ्री कमांडमध्ये वापर ९ जीबीच्या आसपासच दिसतो. मग आयपीव्ही४ चा मॅक्स साइझ ६५५३६ केला. मग आयपीव्ही६ चाही ६५५३६ केला, सिसकंट्रोलने परत वाचून बघितला, आकडा बरोबर दाखवतो. ड्रॉप कॅशेस पण करून बघितलं. काही नाही.

एकच गोष्ट चालते, बीजीपी डेमन (बीजीपीडी, अपस्ट्रीमकडून रूट घेणारा एफआरआरचा प्रोग्राम) रीस्टार्ट केला की लगेच सगळं ठीक. रात्री रीस्टार्ट केलं तर तीन-चार तास चालतं, दुपारी केलं तर पंधरा मिनिटांत परत तेच. सध्या दर तासाला रीस्टार्ट करणारा क्रॉन लावून बसलोय आणि मला स्वतःला ते अजिबात पटत नाहीये, कारण प्रत्येक वेळी सेशन पडतात.

कुणीतरी सुचवलं म्हणून प्रॉक नेट मधली आरटी६_स्टॅट्स ही कर्नलचे आयपीव्ही६ रूटचे आकडे दाखवणारी फाइल पण बघितली. त्यात सहावा आकडा डीएसटी एंट्रीजचा असतो म्हणे. तो १००१ येतो, कधी १००२. म्हणजे हजारच एंट्री आहेत, डीफॉल्ट मर्यादा ४०९६ ची, तिच्या पावपट पण नाही. मग फुल काय होतंय?

जुना_खांब:

आधी तो क्रॉन काढा भाऊ. दर तासाला दोन्ही अपस्ट्रीमचे सेशन पाडताय म्हणजे पलीकडच्या राउटरला पण तुमचे रूट दर तासाला काढून परत घालायला लावताय, त्यांच्याकडे रूट डॅम्पिंग असेल तर तुमचाच प्रिफिक्स (पत्त्यांचा गट) काही वेळ दाबून ठेवतील. त्यापेक्षा तोवर आयपीव्ही६ परत डिफॉल्ट रूटवर ठेवा, काही बिघडत नाही.

आता मुद्द्याचं. मेमरी म्हटलं की आपण रॅम धरतो पण राउटिंगमध्ये ‘जागा संपली’ याचे चार-पाच वेगळे अर्थ असतात आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी, मोजायची जागा पण वेगळी. डेमनच्या आतला टेबल, म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांकडून आलेले सगळे रूट, हा युजरस्पेसमध्ये (कर्नलबाहेर) असतो, तो प्रोसेसच्या आरएसएसमध्ये (प्रोसेसने प्रत्यक्ष व्यापलेली रॅम) दिसतो. त्यातून निवडलेले रूट कर्नलमध्ये जातात ती एफआयबी, ती स्लॅबमध्ये (कर्नलच्या स्वतःच्या ऑब्जेक्टची मेमरी) दिसते. मग कर्नल पॅकेट पाठवताना जे डीएसटी ऑब्जेक्ट बनवतो ते वेगळे. आणि शेजारच्या मशीनचे मॅक पत्ते ठेवणारा नेबर टेबल आणखी वेगळा. यातल्या शेवटच्या दोघांना रॅमची नाही, नगांची मर्यादा असते. रॅम कितीही मोकळी असली तरी ठरलेला आकडा आला की कर्नल नाही म्हणतो. त्यामुळे ६४ जीबी करून फरक पडला नाही यात नवल काही नाही.

नेबर टेबल आधी बाजूला करू या कारण बऱ्याचदा तोच असतो. त्याची जीसी थ्रेश३ ही कडक मर्यादा, डीफॉल्ट १०२४. पण तो भरला तर लॉगमध्ये ‘नेबर टेबल ओव्हरफ्लो’ असं स्पष्ट येतं. तुमच्याकडे ते नाही, आणि अपस्ट्रीम दोनच, म्हणजे तिकडे शेजारी मोजून दोन-चार. तो नाही.

आयपीव्ही४ चा मॅक्स साइझ पूर्ववत करून टाका. आयपीव्ही४ ची राउटिंग कॅश ३.६ कर्नलमध्येच काढून टाकली, २०१२ साली, तेव्हापासून तो आकडा नावापुरता उरलाय आणि डीफॉल्ट तिथं २१४ कोटींच्या वर असतो, म्हणजे तुम्ही वाढवायला गेलात आणि उलट कमी केलात. अर्थात त्याचा परिणाम काहीच होत नाही. जुन्या कर्नलचा तो मेसेज ४ की ६ हे सांगत नाही त्यामुळे बरेच जण इथं चुकतात, तुमची चूक नाही.

आणि ड्रॉप कॅशेसचा पण काही उपयोग नाही. ते पेज कॅश आणि डेंट्री-आयनोड वगैरे सोडतं, राउटच्या ऑब्जेक्टना हात लावत नाही.

बीजीपीडीचा आरएसएस किती आहे ते पण टाका. आणि सॉफ्ट रीकॉन्फिगरेशन इनबाउंड चालू आहे का?

रात्रपाळी_राउटर:

क्रॉन काढला, आयपीव्ही६ डिफॉल्टवर आणलं. संध्याकाळी चाचणीपुरतं परत चालू करून बघतो.

बीजीपीडी अडीच जीबीच्या आसपास आहे आणि हो, सॉफ्ट रीकॉन्फिगरेशन चारही सेशनवर चालू आहे, कुणीतरी आधीच्याने लावलंय. पण हे वाढत नाही, सुरुवातीला चढतं आणि तिथंच राहतं.

जुना_खांब:

मग लीक नाही. तरी सवडीने ते सॉफ्ट रीकॉन्फिगरेशन काढा, त्यामुळे फिल्टर लागायच्या आधीची पूर्ण प्रत डेमन प्रत्येक शेजाऱ्यामागे ठेवून देतो. आजकाल सगळीकडे रूट रिफ्रेश असतं, फिल्टर बदलला की पलीकडून परत मागवता येतात रूट. फक्त काढल्यावर लगेच आरएसएस उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका, मोकळी झालेली मेमरी मॅलॉक (प्रोग्रामला मेमरी वाटून देणारा भाग) स्वतःकडेच धरून ठेवतो, डेमन परत सुरू झाला की खरा आकडा दिसेल.

पण हा तुमचा आजार नाही. मला तुमच्या त्या १००१ मध्ये काहीतरी खटकतंय.

धागादोरा:

मला पण तेच खटकलं आणि मला वाटतं उत्तर तिथंच आहे. दादा, ती फाइल हेक्साडेसिमलमध्ये (दहाऐवजी सोळाच्या पायाने मोजणी) असते. शेजारचे आकडे बघा, त्यात ए, बी, एफ अशी अक्षरं दिसतील, फक्त तुमच्या सहाव्या आकड्यात योगायोगाने अक्षर आलं नाही म्हणून तो साधा आकडा वाटला. हेक्समधला १००१ म्हणजे ४०९७. मर्यादा ४०९६. तुम्ही बरोब्बर कुंपणाला टेकून उभे आहात.

आणि समजा हेक्सचं माहीत नसतं तरी एक गोष्ट बघायला हवी होती असं मला वाटतं, की तो आकडा हलतच नाही. एवढी वाहतूक असलेल्या राउटरवर कुठलाही जिवंत आकडा वरखाली होतो, तो एका जागी चिकटला की समजायचं कुठंतरी वरून झाकण आहे. मी कुठलाही काउंटर बघताना आधी दहा मिनिटं दर दोन सेकंदांनी छापून घेते आणि तो सपाट कुठं होतो ते बघते, किती आहे हे नंतर.

आता हे ४०९६ भरतात कशाने ते सांगते, कारण तुम्ही म्हणाल रूट तर दोन लाख आहेत आणि ते बसलेत की सगळे. बसलेत, कारण एफआयबीतले रूट या मर्यादेत मोजत नाहीत. मोजतात ते डीएसटी ऑब्जेक्ट. कर्नल काय करतो, एखाद्या कोअरवर पॅकेट आलं आणि त्याला एखादा रूट लागला की त्या कोअरपुरती त्या रूटची एक प्रत बनवतो, म्हणजे पुढच्या वेळी बाकीच्या कोअरशी भांडण नको, कॅशलाइनची ओढाताण नको. कल्पना चांगली आहे. पण म्हणजे एका रूटच्या ३२ कोअरवर ३२ प्रती होऊ शकतात, आणि तुमच्या ५.४ मध्ये या प्रती पण त्या ४०९६ मध्ये धरतात. डिफॉल्ट रूट एकटा असताना जास्तीत जास्त ३२ प्रती, त्यामुळे इतकी वर्षं कळलंच नाही. फुल टेबल आल्यावर १२८ रूट सगळ्या कोअरवर वापरले गेले की ३२ गुणिले १२८, झाले ४०९६, खेळ खलास.

तुमच्या बाकीच्या खुणा पण यात बसतात. प्रती वाहतुकीप्रमाणे बनतात म्हणून रात्री तीन-चार तास आणि दुपारी पंधरा मिनिटं. डेमन रीस्टार्ट केला की रूट निघतात, त्यांच्यासोबत त्यांच्या प्रती पण जातात, म्हणून लगेच बरं वाटतं. नवी प्रत बनवता आली नाही की त्या कोअरवर त्या रूटला अनरीचेबल मिळतं, जरी रूट टेबलमध्ये दिसत असला तरी. त्याच पत्त्याचं दुसरं पॅकेट दुसऱ्या कोअरवर गेलं आणि तिथं आधीची प्रत असली तर ते सुखरूप जातं, त्यामुळे काही पत्ते लागतात काही नाही असा भुताटकीसारखा प्रकार दिसतो.

केसॉफ्टआयआरक्यूडीचं कारण पण हेच. एंट्री जीसी थ्रेशच्या वर गेल्या, डीफॉल्ट १०२४, की कर्नल कचरा गोळा करायला (जीसी म्हणजे हेच) निघतो, पण दोन फेऱ्यांमध्ये निदान अर्धा सेकंद थांबतो. मॅक्स साइझ ओलांडला की ते थांबणं पण बंद, प्रत्येक नव्या मागणीला फेरी. आणि फेरी म्हणजे लॉक धरून तुमचं दोन लाख रूटचं झाड (एफआयबी त्याच रूपात असते) पूर्ण फिरायचं, ते पण सॉफ्टआयआरक्यूमध्ये. वर दुर्दैव असं की या प्रती कचऱ्यात धरल्याच जात नाहीत, रूट जिवंत आहे तोवर त्या जिवंत, म्हणजे एवढं फिरून हाती काही लागत नाही.

रात्रपाळी_राउटर:

अरे देवा. हेक्स. चार दिवस मी त्या फाइलकडे बघतोय आणि बाजूला ३ए२ वगैरे लिहिलेलं पण डोळ्यांसमोर होतं. ताई मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं.

पण एक शंका राहतेच. आयपीव्ही६ चा मॅक्स साइझ मी ६५५३६ केला होता ना? तो वाचल्यावर ६५५३६ च दाखवतो. मग झाकण ४०९६ वर कसं?

पॅकेट_मोजणारा:

एफआरआर वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (एकाच मशीनवर नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) चालवताय का?

रात्रपाळी_राउटर:

हो, मॅनेजमेंट वेगळं ठेवायला राउटिंगचं सगळं एका नेमस्पेसमध्ये आहे. आरटी६_स्टॅट्स मी त्या नेमस्पेसच्या शेलमधूनच बघितली होती.

पॅकेट_मोजणारा:

मग सापडलं. आयपीव्ही६ चे हे आकडे प्रत्येक नेमस्पेसचे स्वतंत्र असतात आणि नवीन नेमस्पेस बनला की तिथं डीफॉल्टच येतो, होस्टवरचा आकडा वारशाने येत नाही. तुम्ही सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये लिहिलं ते बूटच्या वेळी होस्टला लागलं, वाचून बघितलं ते पण होस्टच्या शेलमध्ये. फाइल मात्र नेमस्पेसमधली बघितलीत. एक पाय या घरात, एक त्या घरात. नेमस्पेसमध्ये शिरून तोच आकडा वाचा, ४०९६ दिसेल.

आकडा आयपी नेटएनएस एक्झेकने आत जाऊन लावा, आणि कायमचा राहायला हवा तर नेमस्पेस जी सर्व्हिस बनवते तिच्यातच, एफआरआर उठायच्या आधी. नाहीतर पुढच्या रीबूटला परत हाच गोंधळ आणि तोवर तुम्ही हे विसरलेले असाल.

दुसरं, फक्त मॅक्स साइझ वाढवून थांबू नका, जीसी थ्रेश पण वाढवा. तो १०२४ वर राहिला तर अनरीचेबल येणार नाही पण दर अर्ध्या सेकंदाला झाड फिरायचं चालूच राहील, आणि दोन लाख रूटवर ते तुम्हाला लेटन्सीमध्ये बारीक बारीक टोचत राहील, ज्याचं कारण शोधायला परत चार दिवस. मी मॅक्स साइझ ६४ लाखांच्या वर आणि जीसी थ्रेश त्याच्या निम्म्यावर ठेवेन.

आता यात खरी रॅम किती जाईल हा प्रश्न रास्त आहे. सगळ्यात वाईट धरू, दोन लाख रूट, ३२ कोअर, म्हणजे ६४ लाख प्रती, एक प्रत २५६ बाइटची धरली तर १.६ जीबी. तुमच्याकडे पन्नासच्या वर जीबी मोकळी आहे. आणि प्रत्यक्षात तितकं होत नाही, कारण एवढ्या सगळ्या रूटवर वाहतूक नसतेच, आणि प्रती फक्त त्याच कोअरवर बनतात जिथं कार्डाच्या रांगा येतात. स्लॅबटॉपमध्ये आयपी६_डीएसटी_कॅश नावाची ओळ बघत राहा. ती दिसलीच नाही तर घाबरू नका, कर्नल सारख्या मापाच्या स्लॅब एकत्र करतो आणि मग दुसऱ्याच कुठल्या नावाखाली तुमचे ऑब्जेक्ट दिसतात, तसं नको असेल तर बूट करताना स्लॅब_नोमर्ज द्यावं लागतं. या एका गोष्टीने मी एकदा दोन दिवस भलत्याच मॉड्यूलमध्ये लीक शोधलेलं आहे.

जुना_खांब:

दोघांनी छान उकललं. मी एवढंच घालतो की शक्य असेल तर कर्नल बदला. ५.८ पासून कोअरनिहाय प्रती या मोजणीत धरत नाहीत, कारण कोअर किती आहेत त्यावरून अॅडमिनने मर्यादा ठरवत बसायची याला काही अर्थच नव्हता. आणि ६.३ पासून आयपीव्ही६ ची ती मर्यादा पण उपयोगातून काढली, आता जीसीच सांभाळतो. ५.४ वर आकडे वाढवून चालेल, पण ती ठिगळं आहेत.

हा प्रकार नवा नाही हेही सांगतो. १२ ऑगस्ट २०१४ ला इंटरनेटचा आयपीव्ही४ टेबल काही ठिकाणी ५१२ के च्या पलीकडे गेला आणि कितीतरी राउटर लंगडे झाले, कारण त्यांच्या टीकॅममध्ये (रूट शोधायची हार्डवेअरमधली मेमरी) आयपीव्ही४ साठी डीफॉल्ट तेवढीच जागा वाटून दिलेली होती. बऱ्याच ठिकाणी त्याच चिपमध्ये आयपीव्ही६ च्या वाट्याची जागा रिकामी पडून होती. वाटणी बदलून रीलोड केलं की चालू. मी त्या रात्री जागा होतो, आणि तेव्हाही पहिला तास आम्ही मेमरीचा आलेखच बघत बसलो होतो, जो अगदी सपाट आणि निवांत होता.

रात्रपाळी_राउटर:

अपडेट देतो, उशीर झाला कारण दोन पूर्ण दिवस बघायचं होतं.

नेमस्पेसमध्ये जाऊन मॅक्स साइझ वाचला, ४०९६. तिथंच ६४ लाखांच्या वर केला, जीसी थ्रेश निम्मा, आणि नेमस्पेसच्या सर्व्हिसमध्ये दोन ओळी घातल्या. दुपारच्या ऐन गर्दीत फुल टेबल चालू केला, हात जरा थरथरत होते खरं सांगतो. केसॉफ्टआयआरक्यूडी हललाही नाही. लॉग स्वच्छ. ताईंनी सांगितलं तसं दर दोन सेकंदांनी सहावा आकडा छापत ठेवला होता, या वेळी हेक्समधून बदलून. पहिल्या तासात भराभर चढला, मग चढण मंदावली, आणि आता ५बी८डी८ च्या आजूबाजूला वरखाली होतोय, म्हणजे पावणेचार लाखांच्या आसपास. बीजीपीत रूट बदलले की थोडा उतरतो, परत चढतो. स्लॅबमध्ये शंभर एमबीच्या आसपासच गेलेत, म्हणजे ज्यासाठी मी ३२ जीबी रॅम वाढवली ते एवढंसं होतं.

सॉफ्ट रीकॉन्फिगरेशन पण एकेक सेशन करून काढलं, रूट रिफ्रेश चारही ठिकाणी आहे याची आधी खात्री केली. डेमन एकदा रीस्टार्ट केल्यावर बीजीपीडी दीड जीबीच्या आसपास आला.

कर्नल बदलायची मंजुरी मागितली आहे, पुढच्या देखभालीच्या रात्री करू. तेव्हा एक विचारायचंय, नवीन कर्नलवर गेल्यावर सर्व्हिसमधल्या या दोन ओळी ठेवल्या तर काही बिघडेल का, की काढूनच टाकू?

धागादोरा:

६.३ च्या पुढे जाणार असाल तर मॅक्स साइझची ओळ असली काय नसली काय, सारखंच. जीसी थ्रेशची मात्र काढा, कारण तिथं जे मोजलं जातं ते मुख्यतः पाथ एमटीयूच्या (वाटेत मावणारं सगळ्यात मोठं पॅकेट) अपवादांसारख्या कॅश केलेल्या एंट्री, त्यांची साफसफाई वेळेवर झालेलीच बरी. आणि काढताना नेमस्पेसमध्ये शिरून वाचून बघा की खरंच डीफॉल्टवर आलंय.